दुबईच्या कॉन्सुलेटमधून मुखत्यारपत्र : खानापूरकडच्या वाटणीसाठी कागद कसा करावा?

खानापूरकर :
नमस्कार. आमचे गाव कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात, नंदगडच्या पुढे आहे. वडील दीड वर्षापूर्वी वारले. त्यांच्या नावावरील चार एकर शेती आणि राहते घर यांची वाटणी आता आम्हा तिघा भावंडांत करायची आहे. बहीण चंदगड तालुक्यात दिली आहे, ती सहीला केव्हाही येऊ शकते. परंतु धाकटा भाऊ शारजात एका गोदामात कामाला आहे आणि त्याला पुढच्या दिवाळीपर्यंत रजा नाही. म्हणून त्याने माझ्या नावे मुखत्यारपत्र, म्हणजे त्याच्या वतीने सही करण्याचा लेखी अधिकार, करून पाठवावे, असे आमचे ठरले आहे.

अडचण अशी की, वडिलांच्या ‘यल्लाप्पा’ या नावात भावाच्या पासपोर्टवर इंग्रजी ‘वाय’नंतर ‘ए’ आहे आणि आधारवर ‘ई’ आहे. पासपोर्टवर जन्मस्थान ‘बेलगाम’ आहे, तर इकडच्या सगळ्या नव्या कागदांवर ‘बेळगावी’ येते. मुखत्यारपत्र अबुधाबीच्या दूतावासात करायचे की दुबईत, ते मराठीत लिहिलेले चालते का आणि इकडे आल्यावर त्याचे पुढे काय करायचे, हे कोणी अनुभवाने सांगू शकेल का? तिकडच्या एका टायपिंगवाल्याने स्थानिक नोटरीकडून करून देतो, असे भावाला सांगितले आहे. भावजय अडीच महिन्यांपूर्वी तिकडेच बाळंत झाली असल्याने त्याची धावपळही फार आहे, तेव्हा त्याला एकाच फेरीत काम उरकायचे आहे.

दस्तलेखक, बेळगाव :
खानापूरकर दादा, आधी जागेचे सांगतो. शारजा हे दुबईच्या वाणिज्य दूतावासाच्या, म्हणजे आपण ज्याला कॉन्सुलेट म्हणतो त्याच्या हद्दीत येते. अबुधाबीला जाण्याची गरज नाही. नोंदणी कायदा १९०८ च्या कलम ३३ प्रमाणे भारताबाहेर राहणाऱ्या माणसाचे मुखत्यारपत्र भारतीय कॉन्सुलसमोर सही होऊन त्याच्याकडून साक्षांकित झाले असेल, तर आपल्या सब रजिस्ट्रार कचेरीत ते ग्राह्य धरले जाते. त्या कलमात नोटरीचाही उल्लेख आहे, परंतु परदेशी नोटरीचा शिक्का पाहिला की इकडे शंका काढल्या जातात आणि कागद पुन्हा तिकडे फिरतो. म्हणून टायपिंगवाल्याच्या मार्गाने जाऊ नये. आणखी एक, सही घरून करून नेऊ नये. ती समक्षच करावी लागते, मूळ पासपोर्ट सोबत लागतो आणि साक्षीदार किती हवेत हे वेळ घेण्यापूर्वी कॉन्सुलेटच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे.

तेथील अधिकारी सही करणाऱ्याची ओळख साक्षांकित करतो, मजकूर बरोबर की चूक हे तो पाहत नाही. मी तीस वर्षे दस्त लिहितो आहे आणि फसलेली बहुतेक मुखत्यारपत्रे मजकुरातच फसलेली पाहिली आहेत. ‘माझ्या मिळकतीचे सर्व व्यवहार पाहावेत’ एवढ्यावर वाटणीपत्र नोंदवता येत नाही. गाव, सर्व्हे नंबर, क्षेत्र, घराचा नंबर, वाटणीपत्रावर सही करणे, ते नोंदणीसाठी हजर करणे, उताऱ्यावर नाव लावून घेणे, असे एकेक काम स्पष्ट लिहिलेले हवे. मसुदा इकडच्या वकिलाकडून तयार करून भावाला पाठवावा, तिकडे ऐनवेळी लिहून घेऊ नये.

भाषेविषयी : मसुदा इंग्रजीत करावा. सीमाभागात मराठीतून कागद मिळावेत ही आपली मागणी रास्तच आहे, मीही त्यासाठी अर्ज केलेले आहेत. परंतु येथे सही घेणारा अधिकारी परदेशात बसलेला आहे आणि नोंदणी करणारा खानापुरात, आणि दोघांनाही सरळ वाचता येईल अशी भाषा या कामापुरती इंग्रजीच आहे.

नावातील फरकाला फार घाबरू नये. मुखत्यारपत्रात नाव पासपोर्टप्रमाणे अक्षरशः लिहावे आणि त्यालाच जोडून ‘आधारवर ज्याच्या वडिलांचे नाव अमुक प्रकारे लिहिले आहे तोच मी’ असे वाक्य घालावे, म्हणजे इकडे स्वतंत्र प्रतिज्ञापत्राने ते पक्के करता येते. बेळगावचे नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृतपणे बदललेले आहे, हे प्रत्येक कचेरीला ठाऊक आहे. त्यावरून कोणी कागद परत केल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

मला खटकले ते निराळेच. मुखत्यारपत्र तुमच्या नावे करायचे तुम्ही म्हणता, पण तुम्ही स्वतः हिस्सेदार आहात. एकाच वाटणीपत्रावर एका बाजूला तुमची सही आणि दुसऱ्या बाजूला भावाच्या वतीनेही तुमचीच सही, असा दस्त आज तिघांच्या समजुतीने होईलही. उद्या बांधावरून शब्द वाढला की पहिला प्रश्न त्याच सहीवर येईल. बहिणीचे यजमान किंवा तुमचे मामा यांच्यापैकी कोणाच्या तरी नावे करावे.

कागद आल्यावर लिफाफा फेकू नये. कर्नाटकाबाहेर झालेल्या दस्तावर तो राज्यात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत येथील मुद्रांक शुल्क भरून घ्यावे लागते, आणि पोहोचल्याची तारीख दाखवायला कुरिअरचा शिक्का असलेला तो लिफाफाच कामी येतो. जिल्हा निबंधक कचेरीत हे काम होते.

निपाणीकर (पूर्वी दुबई) :
दस्तलेखक काकांनी जमिनीचे नीट सांगितले आहे, मी बाळाविषयी लिहितो, कारण मला तेच अधिक तातडीचे वाटते. परदेशात जन्मलेल्या भारतीयांच्या मुलाचा जन्म एक वर्षाच्या आत भारतीय दूतावासात किंवा कॉन्सुलेटमध्ये नोंदवावा लागतो, त्यानंतर केंद्र सरकारची परवानगी लागते. मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असे आईवडिलांना लिहून द्यावे लागते. एक वर्ष म्हटल्यावर माणूस निवांत होतो. परंतु अमिरातीच्या नियमाप्रमाणे बाळाचा रहिवासी व्हिसा जन्मापासून १२० दिवसांच्या आत काढावा लागतो, नाहीतर रोजचा दंड सुरू होतो, आणि व्हिसासाठी आधी बाळाचा भारतीय पासपोर्ट हातात लागतो. अडीच महिने झाले म्हणजे तुमच्या भावाजवळ जेमतेम दीड महिना उरला. जन्मदाखल्यात आईवडिलांची नावे त्यांच्या पासपोर्टप्रमाणे आहेत का, हे त्याने आजच पाहावे. आमच्या थोरल्याच्या दाखल्यात माझ्या नावातील एक अक्षर गळाले होते आणि ते दुरुस्त करून घेण्यात तीन आठवडे गेले, रोज संध्याकाळी कामावरून सुटून त्याच खिडकीशी उभा राहत होतो.

मुखत्यारपत्र आणि बाळाची नोंद यांच्या वेळा वेगवेगळ्या घ्याव्या लागतील, एका फेरीत उरकेल असे धरून चालू नये. मधला वार निवडावा. दुबईत २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी आहे, शुक्रवारी दुपारनंतर सरकारी कामे बंद होतात, आणि कॉन्सुलेटला भारतातील काही सणांचीही सुट्टी असते. तिची यादी संकेतस्थळावर असते.

बातम्यांसाठीही तेच संकेतस्थळ आणि कॉन्सुलेटची अधिकृत खाती पाहावीत, गावाकडच्या गटांत फिरणाऱ्या संदेशांवर विसंबू नये. मे २०२० मध्ये, कोरोनाकाळात परदेशी अडकलेल्यांना परत आणणाऱ्या वंदे भारत मोहिमेची पहिली विमाने ७ तारखेला अबुधाबी आणि दुबईहून केरळला सुटली, तेव्हा ज्यांनी दूतावासाच्या अर्जावर नाव नोंदवले होते त्यांचाच क्रम लागला. आमच्या खोलीतील दोघे ‘एजंट बघतो म्हणाला आहे’ असे म्हणत बसून राहिले. आणखी एक सावधगिरी : ‘दूतावासातून बोलतो आहे, तुमच्या पासपोर्टात दोष आहे, पैसे भरा’ असा फोन आला तर तो ठेवून द्यावा. अशा फोनविषयी भारतीय दूतावासांनीच वेळोवेळी इशारे दिलेले आहेत.

खानापूरकर :
दोघांचेही मनापासून आभार. १२० दिवसांचे आम्हा कोणाच्याच लक्षात नव्हते. काल रात्रीच भावाला फोन केला, जन्मदाखला त्याने फोटो काढून पाठवला आणि नावे सुदैवाने बरोबर आहेत. बाळाच्या पासपोर्टसाठी तो या आठवड्यात वेळ घेतो आहे. मुखत्यारपत्र बहिणीच्या यजमानांच्या नावे करायचे ठरले, तेव्हा भाऊजी आधी संकोचले, पण तयार झाले. एक शंका राहिली : उताऱ्यावर अजून वडिलांचेच नाव आहे. भावाचे मुखत्यारपत्र येईपर्यंत आम्ही थांबावे की इकडचे काही काम सुरू करावे?

दस्तलेखक, बेळगाव :
थांबू नये. वारसा नोंद, जिला कन्नड कागदात ‘पौती’ म्हणतात, ती आधी झाल्याशिवाय वाटणीपत्र होणारच नाही. मृत्यूचा दाखला घेऊन नाडकचेरीत, म्हणजे गावाजवळच्या महसूल कचेरीत, वंशावळीसाठी अर्ज द्यावा आणि तिघांचीही नावे उताऱ्यावर आणावीत. अर्ज देताना भावाच्या पासपोर्टची प्रत समोर ठेवून नाव कन्नडात कसे टाइप होते ते पडद्यावर स्वतः वाचून पाहावे. आपल्याकडची निम्मी दुरुस्ती-प्रकरणे तेथे न पाहिल्यामुळेच निघतात. एकाच सर्व्हे नंबरचे तीन तुकडे पडणार असतील, तर भूमापकाकडून ११-ई नकाशा, म्हणजे प्रत्येक तुकडा मोजून दाखवणारा नकाशा, करून घ्यावा लागेल आणि त्याला बराच वेळ लागतो, म्हणून तोही अर्ज वारसा लागताच द्यावा.

मुखत्यारपत्राची सही भावाने यानंतरच करावी. नकाशा झाला की पोटहिश्शांचे क्षेत्र नक्की होते, ते मजकुरात घालता येते, आणि तीन महिन्यांची मुदतही काम तयार असतानाच सुरू होते.