अप्परला अप्परनं उत्तर देणाऱ्या शूरवीरांसाठी

मांजराकाठचा
काल बोलेरोवाल्यानं टाकलेलं वाचलं. गाडीत पांढरेफेक एलईडी बसवलेत, समोरचा डिप्पर देत नसला, म्हणजे लाईट खाली उतरवत नसला, की हेही अप्पर, म्हणजे लांबचा वरचा झोत, टाकून तसेच अंगावर जातात, आणि वर "असे दोन-चार भेटले की लोक आपोआप सुधरतात." खाली सगळ्यांची वाहवा. सकाळपासून डोक्यात तेच घुमतंय.

मी पण हेच करायचो. मागच्या माघात लग्नाहून येत होतो, केज–अंबाजोगाई, रात्रीचे साडेदहा. समोरून एक जण अप्परवर. दोनदा डिप्पर मारला, तो ढिम्म. मग माझंही डोकं फिरलं. अप्पर टाकला आणि तसाच ठेवला. गाड्या एकमेकींच्या बाजूनं निघून गेल्या आणि पुढं नुसता काळा पडदा, त्यात हिरवट गोळे तरंगतायत. बायको ओरडली म्हणून ब्रेक दाबला. पुढं उसाची बैलगाडी. मागं लोंबणारं वाढं, म्हणजे उसाच्या शेंड्याचा पाला, माझ्या बोनेटला टेकलेलं. मोळ्यांवर झोपलेलं आठ-दहा वर्षांचं पोरगं उठून बसलं आणि माझ्याकडं बघत राहिलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

ताशी ८० ला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. अंधारी तीन सेकंद धरा, साठ-पासष्ट मीटर तुम्ही आंधळे. समोरचा आंधळा करून तुम्ही काय मिळवलं? रस्ता एकच, आता त्यावर आंधळे दोन.

बोलेरोवाला
माझं नाव घेऊन लिहिलंच आहे तर ऐका. मी रोज पहाटे साडेतीनला दूध घेऊन निघतो. तुम्ही वर्षातून चार लग्नं करता.

आधी मी पण सभ्य होतो. डिप्पर दिला की समोरचा समजतो हे भ्यालं, आणि सगळा रस्ता तोच घेतो. डावीकडं उतरावं म्हटलं तर साइडपट्टी वीतभर खाली. दोनदा चाक खाली गेलंय, एकदा चाळीस लिटरचा कॅन उलटा झालाय. एलईडी टाकल्यापासून शंभरातले नव्वद लांबूनच डिप्पर करतात. याला काय म्हणायचं ते म्हणा.

आणि तुमच्या बैलगाडीला मागं रेडियम होतं का? नव्हतं. मग दोष माझ्या लाईटचा?

लालपरी_निवृत्त
३१ वर्षं एसटीत काढली, त्यातली निम्मी रातराणीवर. बोलेरोवाल्या, लोक सुधरत नाहीत रे, डोळे मिटतात.

आमच्या वेळी डिप्पर म्हणजे बोलणं होतं. लांबून एकदा उतरवला की "दिसलास". समोरच्यानं उतरवला की "तू पण दिसलास". दोनदा पटपट मारला तर "थांब, मी निघालोय". ट्रकच्या मागं 'यूज डिपर ॲट नाइट' उगाच लिहीत नव्हते. आता समोरचा मारतो तेव्हा कळतच नाही, जा म्हणतोय, थांब म्हणतोय, का पुढं पोलीस आहेत म्हणतोय.

उजेडाकडं बघायचंच नाही. नजर डावीकडच्या पांढऱ्या पट्ट्यावर, पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा. आणि काच आतून पुसा. बाहेरून सगळे पुसतात. आत बोटांचे ठसे, उदबत्तीचा धूर, तंबाखूचा हात. समोरून लाईट आला की सगळी काच दुधासारखी होते.

नांदेडी_निखारा
काका, कुठला पांढरा पट्टा? आमच्याकडं पट्टा उद्घाटनापुरता असतो. नजर डावीकडं ठेवली तर बाभळी दिसायलेत.

समृद्धीवाला
म्हणून म्हणतो, समृद्धीनं जा. ७०१ किलोमीटर, मधे दुभाजक, समोरचा उजेड अंगावर येतच नाही. २०२५ च्या जूनपासून तर पूर्ण खुला झालाय. हायवेच्या दुभाजकात कण्हेर लावतात ती शोभेची नाही. समोरचा लाईट अडवायला असते, पाणी कमी लागतं आणि शेळ्याही तोंड लावत नाहीत.

नांदेडी_निखारा
मी मोटारसायकलवर. समृद्धीवर दुचाकी चालत नाही, ठाऊक आहे ना? आणि बाकी हायवेवर तुमची कण्हेर धाब्याधाब्यापुढं तोडून ठेवलीय. नेमकं तिथंच कुणीतरी अप्पर लावून वळायलाय.

वायरिंगवाला
मी हे एलईडी विकतो. दिवसाला दोन-तीन जोड्या जातात, म्हणून बोलायचा हक्क नाही असं म्हणाल, पण बोलतो.

हॅलोजनच्या एच-फोर बल्बमधे दोन तारा असतात, ६० वॅट आणि ५५ वॅट. डिप्परच्या तारेखाली पत्र्याची छोटी वाटी असते, ती अर्धा उजेड अडवते. रिफ्लेक्टरची कपची न् कपची त्या तारेच्या जागेवरून मोजून बनवलेली. त्यात एलईडी घातला की उजेड येतो बक्कळ, पण निघतो वेगळ्याच जागेवरून. मग तो झाडावर, पाटीवर आणि समोरच्याच्या डोळ्यात. कंपनीतून आलेला एलईडी वेगळा, त्याचा रिफ्लेक्टरच वेगळा. लोक दोन्ही एकच समजतात. हॅलोजनवाल्यांतही १००/९० वॅटचे टाकणारे आहेत, त्यांचं होल्डर वितळून येतं तेव्हा गुपचूप येतात.

दुसरं, स्टिअरिंगजवळ शून्य ते तीन आकड्यांचं चाक असतं. दहातल्या आठांना ते कशाचं ते माहीत नसतं. मागं माणसं, पोती कोंबली की गाडीचं तोंड वर होतं, डिप्परसुद्धा अप्परसारखा लागतो. चाक फिरवून लाईट खाली घ्यायचा. फुकट आहे, म्हणून कुणी करत नाही.

मांजराकाठचा
हेच म्हणत होतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम १०६ आहे: दिव्यापासून ८ मीटरवर, दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत तो दिपता कामा नये.

बोलेरोवाला
दीड मीटर मोजायला कोण येतंय, तुम्ही टेप घेऊन येता का? आणि वायरिंगवाले, विकताना ही वाटी आठवत नाही का?

वायरिंगवाला
आठवते. सांगितलं तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. पोरांची फी तुमची वाटी भरणार आहे का?

गेवराईकर
सगळे लाईटवर भांडताय, खरा रोग बाजूलाच. दिवाळी झाली की मार्चपर्यंत रात्री रस्त्यावर उसाचा डबल ट्रॉलीवाला ट्रॅक्टर. मागं लाल दिवा नाही, असला तर वाढ्याखाली झाकलेला. मडगार्डावरचा नांगरटीचा पांढरा दिवा मात्र चालू! मागच्याला वाटतं समोरून मोटारसायकल येतीय. माझा आतेभाऊ तसाच गेला. डिप्परवर होता, शहाण्यासारखा. ४०–५० मीटर दिसत होतं आणि गाडी ८० वर. मांजराकाठच्या तुमच्या २२ मीटरच्या हिशोबात हे बसवा आता.

उसवाला
कुणी गेलं असेल तर वाईटच. पण सगळ्यांना एका दावणीला बांधू नका. माझे दोन ट्रॅक्टर चालतात. हंगामाच्या सुरुवातीला रेडियमच्या पट्ट्या मिळतात, पहिल्या आठ दिवसांत चिखल आणि पाचटानं निघून जातात. कारखान्यापुढं वीस-वीस तास लाईनीत उभं, ड्रायव्हर दोन रात्री झोपलेला नसतो, मुकादम उचल घेऊन पळालेला. त्यात तुमचे एलईडीवाले समोरून आले की आमच्या माणसाला चारीच दिसत नाही. मागच्या वर्षी माझी भरलेली ट्रॉली पालथी झाली, सगळा माल चारीत. चहात साखर टाकता ना? मग.

गेवराईकर
साखर खातो म्हणून मरायचं का? पट्टी निघाली तर दुसरी लावायला काय होतं? पन्नास रुपयांचं काम. नांगरटीचा दिवा बंद करायला तर पैसेच लागत नाहीत.

उसवाला
तो दिवा ट्रॉली सुटली का, टायर बसला का, हे बघायला लागतो. एसीत बसून बोलणं सोपं आहे.

गेवराईकर
बघायला पाच मिनिटं लागतात, रात्रभर नाही. आणि एसीत नाही बसलो, आतेभावाच्या दहाव्याला बसलो होतो.

समृद्धीवाला
शांत व्हा दोघं.

उसवाला
तुम्ही समृद्धीवरच थांबा.

मांजराकाठचा
धागा लाईटचा आहे. उसाचा वेगळा काढा की.

गेवराईकर
तुमच्याच गोष्टीत उसाची गाडी आहे, मालक. ती पोरासकट आमच्याकडं पाठवता का?

(यावर मांजराकाठचा तासभर गप्प.)

चाळीशीपार_बाई
मधे बोलते. तीन वर्षं मी समोरच्यांना शिव्या घालत होते. प्रत्येक लाईटभोवती फराळाच्या चकलीसारखी वेटोळी दिसायची. नवऱ्यानं रस्त्यावर मिळणारा पिवळा "रात्रीचा" चष्मा आणला, त्यानं असलेला उजेडही कमी झाला. शेवटी डोळे दाखवले तर दोन्हीकडं मोतीबिंदू. एका डोळ्याचं झालंय, आता त्या डोळ्यानं वेटोळी नाहीत. म्हणजे निम्म्या शिव्या परत घेते. उरलेल्या निम्म्या लायक माणसांकडंच राहू द्या.

लालपरी_निवृत्त
ताई, हे खरं. पन्नाशीनंतर अंधारी जायला वेळ लागतो. मी शेवटची तीन वर्षं दिवसाची ड्युटी मागून घेतली होती. कारण दुसरंच सांगितलं होतं साहेबाला.

मांजराकाठचा
गेवराईकर, बसवला हिशोब. बसत नाही. डिप्परवर ८० नं जायचंच नाही, साठच्या खालीच, एवढंच उत्तर माझ्याकडं आहे, आणि ते मी स्वतः पाळत नाही. मोकळ्या रस्त्यावर अप्पर वापरा, समोर कुणी दिसला की उतरवा. हे आधीच लिहायला हवं होतं. बोलेरोवाल्याचं बरोबर आहे असं मात्र अजिबात म्हणत नाही.

वायरिंगवाला
बोलेरोवाले, एक करा. सपाट जागी भिंतीपासून दहा-एक मीटरवर गाडी लावा, डिप्पर टाका. उजेडाची वरची कड तुमच्या हेडलाईटच्या उंचीच्या खाली राहिली पाहिजे, डावीकडं थोडी चढलेली. मग बोलू.

बोलेरोवाला
बघितलं. डेअरीची भिंत होती. डिप्पर टाकला तर उजेड पाण्याच्या टाकीवर, टाकीवर बसलेलं घुबडसुद्धा दिसलं. कड बिड काही नाही, नुसता चुना उधळल्यासारखा.

ठीक आहे, काढतो. पंधरा दिवस हॅलोजनवर चालवून बघतो. समोरच्यानं अंगावर घातली तर इथंच येऊन सगळ्यांची नावं घेईन. आणि माझे तीन हजार दोनशे गेले, ते वायरिंगवाल्यासारख्याच कुणाच्या तरी पोराच्या फीला लागले असतील.

उसवाल्यानं रेडियम लावलं का ते आधी सांगा.

उसवाला
लावलं. पुढच्या ट्रॉलीला.

गेवराईकर
पुढच्या??

उसवाला
मागची भरलेली उभी आहे कारखान्यात. खाली झाली की लावतो. नांगरटीच्या दिव्याची वायर काढलीय, ड्रायव्हर शिव्या देतोय.