बर्फातली गाडी : तेव्हाची आणि आताची (अनुभव धागा)

बेळगावात बर्फ पडत नाही. आपली थंडी म्हणजे डिसेंबरच्या पहाटे कॅम्पात कानटोपी घालून फिरणारी माणसं, आणि पावसाळ्यात फार तर जांबोटी-चोर्ल्याकडचं धुकं. पण बर्फात गाडी हाकलेली माणसं आपल्याकडे गावोगाव आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्रच इथं. खानापूर, निपाणी, हुक्केरी, कुठंही जा, काश्मीर-लडाख बघून आलेला निवृत्त फौजी भेटतोच. महामार्गावरचे ट्रकवाले आहेत, शहापूर-टिळकवाडीतून कॅनडा-अमेरिकेला गेलेले आहेत, आणि आता स्वतःची गाडी काढून मनालीला जाणारी पोरंही आहेत.

सत्तरी ओलांडलेल्या ड्रायव्हरांनी आता सांगितलं नाही तर हे सगळं त्यांच्याबरोबर जाईल, ही मला खरोखर काळजी आहे. म्हणून हा धागा. बर्फात गाडी चालवली असेल, नुसते गाडीत बसला असाल किंवा घरी वाट बघितली असेल, तरी लिहा. तेव्हा काय होतं आणि आता काय बदललं, एवढंच हवंय. ज्यांना टाइप करणं जमत नाही त्यांचं मुला-नातवंडांनी ऐकून लिहावं.

खानापूर तालुका. निवृत्त फौजी ड्रायव्हर (नात लिहितेय)

आजोबा बोलले तसंच उतरवलंय.

"मी शक्तिमान चालवायचो. जबलपूरची गाडी, लई दणकट. सोनमर्ग सोडलं की जोझीला खिंडीचा घाट चढायचा, साडेअकरा हजार फूट. रस्ता एकेरी. वरच्या गाड्या उतरून झाल्या की खालच्या सोडायच्या. टीसीपीवरनं, म्हणजे वाहतूक नियंत्रण चौकीवरनं, इशारा मिळाल्याशिवाय चाक हलायचं नाही. एका अंगाला बर्फाची भिंत, गाडीपेक्षा उंच. दुसऱ्या अंगाला बघायचंच नाही.

पण पोरी, चढ परवडला, सकाळ अवघड. रात्री रेडिएटरचं पाणी सोडून द्यायचं, नाहीतर आतल्या आत गोठून इंजिनच्या ब्लॉकला चीर. अँटिफ्रीझ, म्हणजे पाणी गोठू न देणारं औषध, असायचं, पण सगळ्यांना पुरायचं नाही. पहाटे स्टोव्हवर पाणी तापवून परत भरायचं. डिझेल तुपासारखं थिजायचं. मग इंजिनाखालच्या ऑइलच्या चेंबरखाली आग धरायची, बेतानं. एकदा इंजिन लागलं की बंद करायची कुणाची छाती नव्हती. आणि गाडी लावताना हँडब्रेक ओढायचा नाही, ब्रेकचे लायनर गोठून ड्रमला धरून बसतात. गिअरमध्ये टाकायची आणि चाकाला ठोकळा लावायचा.

चेन लावायची ती बर्फ लागायच्या आधी, अडकल्यावर नाही. साखळी जमिनीवर पसरायची, गाडी तिच्यावर घ्यायची आणि आतल्या अंगाचा हूक चाकामागं हात घालून अडकवायचा. तो हूक हातमोजा घालून लागत नाही. मोजा काढला की उघडं बोट लोखंडाला चिकटतंय, ओढलं की कातडी तिथंच. या दोन बोटांची टोकं अजून बधिर हायत, बघ.

उतारावर ब्रेकला पाय नाही. दुसऱ्या गिअरला गाडी इंजिनवर उतरवायची. पुढच्याच्या चाकोरीतच चाक ठेवायचं. मागचं चाक सरकायला लागलं की ते जिकडं जातंय तिकडंच स्टिअरिंग फिरवायचं. नवीन पोरगा उलटं फिरवतो आणि गाडी आडवी घालतो."

आता काय वाटतं, विचारलं. आजोबा म्हणाले, "आमच्या वेळी जोझीला थंडीत बंद व्हायचा तो एप्रिल-मेपर्यंत. २०२५ साली बीआरओच्या, सीमेवरचे रस्ते सांभाळणाऱ्या संघटनेच्या, पोरांनी ३२ दिवसांत उघडला. टीव्हीवर ते बघितलं आणि मी खुर्चीतनं उठून उभा राहिलो. तिथलं बर्फ काय असतंय ते मला ठाऊक हाय."

धागाकर्ता

आजोबांना नमस्कार सांगा. डिझेलबद्दल एक भर घालतो: २०१९ पासून इंडियन ऑइल लडाखसाठी हिवाळी डिझेल देतं, उणे ३३ अंशांपर्यंत ते पातळ राहतं. चेंबरखाली आग धरायची पाळी तिथल्या पोरांवर आता कमी येत असेल.

हुक्केरी तालुका. फौजीची बायको, फौजीची आई

मी गाडीत बसलेली नाही, पण वाट बघणाऱ्यांनीही लिहा म्हणालात म्हणून. आमचे हे कारगिलच्या बाजूला गाडीवर होते. पत्त्यावर गावाचं नाव नसायचं, फक्त युनिट आणि ५६ एपीओ, म्हणजे फौजेचं टपाल कार्यालय. खिंड बंद झाली की पत्र कधी येईल याचा भरवसा नाही. पत्र हातात पडायचं तेव्हा आतली खुशाली कितीतरी दिवसांपूर्वीची असायची. 'बर्फ फार आहे, गाडी चालू आहे' एवढ्या ओळीवर मी आणि सासूबाई संक्रांत काढायचो.

आता मुलगा तिकडंच आहे. तो व्हिडिओ कॉलवर गाडीच्या काचेवरचं बर्फ दाखवतो, हीटर चालू आहे म्हणून हसतो. सगळे म्हणतात, आता काय काळजी? काळजी आहेच. तेव्हा काही कळायचंच नाही, म्हणून मी शेतावर जाऊन काम करत असायचे. आता फोनवर तिथलं हवामान दिसतं आणि त्याच वेळी त्याचा फोन लागत नाही. तेव्हाच्या पत्रानं महिना निघायचा, आताचा एक तास निघत नाही.

निपाणी. ट्रकचालक

वहिनी, तुमचं बरोबर आहे. माझ्या घरीही हेच ऐकतो.

मी काश्मीरची सफरचंदं आणायचो. पूर्वी सगळा खेळ जवाहर बोगद्याचा, १९५६ चा. अडीच-पावणेतीन किलोमीटरचा बोगदा, पण तो डोंगरात उंचावर. बनिहालकडून काय किंवा काझीगुंडकडून काय, तिथवर जायचा रस्ताच बर्फात. काझीगुंडला एकदा थांबवलं की ट्रकांची रांग दिसेल तिथवर. ताडपत्रीवर बर्फ साठलं की ते झाडूनं पाडायचं, नाहीतर वजनानं पेट्या दबतात. माल आत गारठतो, गाडीत चूल पेटवायची नाही, कॅबिनमध्ये दोघांनी रजया गुंडाळून बसायचं. तिथले गाववाले कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची छोटी शेगडी, आणून द्यायचे, ते मी विसरलेलो नाही. बेळगावच्या बाजारात माल उतरवताना सफरचंद दाबून बघणाऱ्याला यातलं काय माहीत.

एअर ब्रेकवाल्यांसाठी मुद्दाम लिहितो. एअर टाकीत पाणी साठतं ते रोज संध्याकाळी सोडा. ते पाइपात गोठलं की सकाळी ब्रेकच नाही. आता एअर ड्रायर आले, तरी मी सोडतोच.

२०२१ ला नवयुग बोगदा झाला, साडेआठ किलोमीटर, जुन्यापेक्षा खूप खालून. बर्फाचा तो टप्पाच गेला. मात्र रामबन-बनिहालची दरड गेलेली नाही. रस्ता बंद झाला की सफरचंद आजही ट्रकातच कुजतं. बर्फ लवकर पडलं तर वेगळंच. २०१९ ला नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच पडलं, झाडावर फळं असतानाच. वाटेत फांद्याच्या फांद्या मोडून पडलेल्या बघितल्या.

कणकुंबी

चोर्ल्याच्या पावसाळी धुक्यात शिकलेला ड्रायव्हर बर्फात कुठंही गाडी घालेल असं मला वाटतं. लाइट खाली, काच थोडी उघडी ठेवून समोरच्याचा हॉर्न ऐकत जायचं. हे ज्याला जमतं त्याला सगळं जमतं.

धागाकर्ता

चोर्ल्याच्या ड्रायव्हरांबद्दल आदर आहेच, तरी हे पटत नाही. धुक्यात दिसत नाही, पण चाक रस्ता धरून असतं. बर्फात लख्ख दिसत असतं आणि चाक रस्ता सोडतं. धुक्यातला माणूस भीतीनं हळू जातो. बर्फावर ऊन पडलं की माणूस निर्धास्त होतो, आणि घात तिथंच होतो.

माँट्रियल. मूळचा शहापूरचा

मी इथं आलो तेव्हा गाड्या बहुतेक मागच्या चाकांवर चालणाऱ्या, पुढं जड आणि मागं हलक्या. हिवाळ्यात डिकीत वाळूची पोती टाकायचो. वजनही व्हायचं आणि चाक फिरत राहिलं की तीच वाळू चाकाखाली पसरायची. गाडीच्या तोंडातून विजेची वायर लोंबत असायची. रात्री ती प्लगला लावायची, म्हणजे ब्लॉक हीटर इंजिन कोमट ठेवतो. ब्रेक पायानं दाबून सोडून, दाबून सोडून मारायचा, हे आम्हाला शिकवलेलं. एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारे ब्रेक, आल्यावर तेच विसरायला लागलं, कारण आता ब्रेक पूर्ण दाबून धरायचा, थरथर जाणवली तरी सोडायचा नाही.

खरा फरक टायरांनी पडला. साधं रबर ७ अंशांच्या खाली कडक होत जातं, हिवाळी टायरचं मऊ राहतं. क्युबेकमध्ये २००८ पासून हिवाळी टायर कायद्यानं सक्तीचे आहेत. रस्त्यावर मीठ टाकतात, पण कडाक्याच्या थंडीत साधं मीठ फारसं चालत नाही. आणि त्या मिठानं गाडीचा पत्रा खालून खातो, तो तेव्हाही खायचा, आताही खातो.

माझा मुलगा चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणारी (फोर-बाय-फोर) गाडी घेऊन निर्धास्त असतो. त्याला सांगून थकलो, चार चाकं गाडी निघायला मदत करतात, थांबायला नाही.

अनगोळ. वय २७

काकांचं शेवटचं वाक्य मनालीत डोळ्यांनी पाहिलं. २०२० ला अटल बोगदा झाल्यापासून थंडीतही मनालीपलीकडच्या लाहौल खोऱ्यात जाता येतं. पूर्वी रोहतांग घाट बंद झाला की तिकडचे लोक महिनोन्‌महिने अडकलेले असायचे. अलीकडच्या तोंडाशी रस्ता कोरडा होता, नऊ किलोमीटर आत गेलो आणि बाहेर पडल्यावर सगळं पांढरं. तिथं रस्ता नुसता ओला दिसतो, पण तो काचेसारखा पातळ गोठलेला असतो. आमच्या पुढच्या मोठ्या फोर-बाय-फोरवाल्यानं वळणावर ब्रेक मारला आणि गाडी चाकं थांबलेल्या अवस्थेत शांतपणे घसरत कठड्याला जाऊन टेकली. कुणाला लागलं नाही. आम्ही लोकल टॅक्सीत होतो. आमचा ड्रायव्हर खानापूरच्या आजोबांसारखाच दुसऱ्या गिअरला, ब्रेकला पाय न लावता उतरला.

या डिसेंबरात स्वतःची गाडी न्यायचा विचार आहे. साधी हॅचबॅक आहे. आजोबांना विचारा ना, चेन कुठल्या चाकांना लावू आणि किती वेगानं जाऊ?

खानापूर तालुका. नात

विचारलं. आजोबा म्हणतात, जी चाकं गाडी ओढतात त्यांना, म्हणजे तुमच्या गाडीला पुढच्या. चेन असेपर्यंत सायकलच्या वेगानं जायचं, आणि कोरडा रस्ता लागला की लगेच काढायची, नाहीतर चेनही तुटते आणि टायरही फाटतो. दुपारी वितळलेलं पाणी संध्याकाळी परत गोठतं, म्हणून ऊन असतानाच खाली या. निघायच्या आधी घरच्या अंगणात चेन लावून बघा, अंधारात. आणि टायरवरचा नंबर इथं लिहा, साइज बघून सांगतो म्हणालेत.