क्रोम सोडून कोणतं ब्राउजर घ्यावं? फोन आन् लॅपटॉप दोन्हीला

औसा_सोयाबीन:
राम राम मंडळी. शेतात ठिबक टाकायचं म्हणून नुसते भाव काय बघितले, तवापासून जिकडं उघडावं तिकडं ठिबक नाहीतर ट्रॅक्टर लोनच्या जाहिराती. इनकॉग्निटोत (क्रोमची ती प्रायव्हेट खिडकी) बघितलं तरी तेच. फोन अँड्रॉइड, ४ जीबीचा, आन् घरी पोराचा जुना लॅपटॉप हाय. ब्रेव्ह का फायरफॉक्स? काहीजण टॉर (ओळख लपवायचं ब्राउजर) म्हणायलेत.

नांदेडी_किडा:
इनकॉग्निटोनं फक्त तुमच्या फोनात हिस्ट्री राहत नाही, बाकी साइटवाल्याला आन् सिमकंपनीला दिसायचं ते दिसतंच, आन् त्यात जीमेलनं लॉगिन केलं की मग कोण आलंय ते तुम्हीच सांगितलं की ओ. याच्यावरूनच २०२० ला अमेरिकेत गूगलवर केस झालती, २०२४ मधी जमवलेला डेटा पुसायला तयार झाले तवा मिटली. फायरफॉक्स टाका आन् मेनूत एक्स्टेन्शनमधी (ब्राउजरला जोडायच्या जादा सोयी) जाऊन युब्लॉक ओरिजिन घ्या, जाहिराती अडवायचं हाय ते. फोनच्या क्रोममधी एक्स्टेन्शन टाकताच येत नाही, कामून ते तुम्हीच वळखा. जाहिरात लोडच झाली नाही तर नेटपॅक पण पुरतो.

परभणीकर७७:
मला ब्रेव्ह सोपं वाटतं. ब्लॉकर आतच हाय, दिसायला क्रोमसारखं, कारण बनलंय पण क्रोमियमवरच, म्हणजे क्रोम ज्याच्यावर बनलंय त्याच्यावरच. ते रिवॉर्ड्स, वॉलेट, क्रिप्टोचं लचांड तेवढं बंद करा.

सेंटरवाला_बीड:
टॉर कशाला भाऊ? तीन ठिकाणच्या कॉम्प्युटरवरून फिरून जातंय ते, पान उघडस्तोवर चहा होतो, आन् बँकवाले तर कित्येकदा आत पण घेत नाहीत. पत्रकाराला वगैरे ठीक. तुम्हाला जाहिराती घालवायच्यात ना, दोन्हीकडं फायरफॉक्स बास. फक्त एक, आमच्या ऑनलाइन फॉर्मच्या सेंटरवर फायरफॉक्सचं ट्रॅकिंग अडवणं 'स्ट्रिक्ट' (सगळ्यात कडक) करून ठेवलं तर एका फॉर्मचा कॅप्चाच (माणूसच हाय का ते तपासायचं चित्र) दिसंना, गिऱ्हाईक लाईनीत उभं. असं झालं की वर अ‍ॅड्रेसजवळ ढालीचं चिन्ह असतंय, त्याच्यावर दाबून ते अडवणं त्या साइटपुरतं बंद करायचं.

औसा_सोयाबीन:
टाकलं फायरफॉक्स. क्रोममधले पासवर्ड कसे आणू?

नांदेडी_किडा:
लॅपटॉपवर करा. क्रोमच्या पासवर्ड मॅनेजरमधून सीएसव्ही फाइल (पासवर्डची साधी यादी) एक्सपोर्ट करायची, फायरफॉक्सच्या पासवर्डमधी इम्पोर्ट, मग सिंक केलं (दोन्हीकडं एकाच फायरफॉक्स अकाउंटनं लॉगिन) की फोनवर येतेत. फाइल लगेच डिलीट करा बरं का, रिसायकल बिनमधून पण, त्यात सगळे पासवर्ड उघडे असतेत.