‘जिवाचा नांगर’ : कुठला नांगर?

प्रश्न
मागच्या आठवड्यात सोलापुरात शाळेतल्या मैत्रिणीच्या आईच्या दफनविधीला गेले होते. मूठमाती देऊन परतताना एका जुन्या कबरीवर वाचलं : ‘आशा, जिवाचा नांगर’. सोबत वडील होते, मोहोळकडचे शेतकरी. म्हणाले, ‘ह्या बाई शेती करत होत्या काय गं?’ हसू आलं, पण अर्थ मलाही सांगता येईना.

उत्तर
हा औताचा नव्हे, जहाजाचा नांगर. बायबलात इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात (६:१९) आशेला जिवाचा नांगर म्हटलंय. मूळ ग्रीक शब्द ‘अंकुरा’. लूक ९:६२ मध्ये नांगराला हात घालून मागं बघणारा माणूस येतो, तो मात्र शेतातला. तिथं ग्रीक शब्द ‘आरोत्रोन’. मराठीत दोन्हींना नांगरच. शेतातला आला संस्कृत ‘लांगल’वरून. जहाजाचा मला फारसी ‘लंगर’शी जोडावासा वाटतो, हिंदीत तर अजून लंगरच म्हणतात. कोकणात हा घोळ झाला नसता. आपल्याकडं पाणी म्हणजे सिद्धेश्वर तलाव नाहीतर उजनी, आणि होडीत बसायचं तर पंढरपूर गाठायचं! रोममधल्या जमिनीखालच्या प्राचीन दफनभूमींतही ख्रिस्ती कबरींवर नांगर कोरलेले आहेत.

आणखी एक उत्तर
मला ‘आशा’ शब्दच जास्त अडतो. मराठीत आशा वेडी असते, आशाळभूत माणूस कुणाला आवडत नाही, आणि डॉक्टरांनी आशा सोडली की सगळं संपलं. शाळेतलं सुभाषित आठवा : ‘आशा नाम मनुष्याणां काचिदाश्चर्यशृङ्खला’. या साखळीनं बांधलेले धावत सुटतात आणि सुटलेले पांगळ्यासारखे जागीच राहतात. पत्रातली आशा नेमकी उलटी, ती धरून ठेवते. शिवाय हा नांगर खाली समुद्रात पडत नाही, पडद्याच्या आत जातो. पडदा म्हणजे यरुशलेमच्या मंदिरात परमपवित्र स्थानापुढं असायचा तसा, पण इथं स्वर्गातला. येशू तिथं आपल्याआधी गेलाय, असं पुढच्याच ओळीत आहे. म्हणजे दोराचं दुसरं टोक आपल्याला दिसत नाही, पण ते पक्कं बांधलेलं आहे. ‘बरं होईल बहुतेक’ असली ही आशा नव्हे.

प्रश्नकर्ती
मग रडायचं नाही का? तिथं एक काका मैत्रिणीला सारखं ‘रडू नको, विश्वास ठेव’ म्हणत होते.

उत्तर
काकांनी वाक्य अर्धंच घेतलं. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात (४:१३) ‘आशा नसलेल्यांसारखा’ खेद करू नका, असं आहे. खेदच करू नका, असं नाही. मित्र लाजराच्या कबरीकडं जाताना येशू स्वतः रडला (योहान ११:३५), आणि तेही त्याला मेलेल्यातून उठवणार हे ठाऊक असताना. नांगर टाकलेली होडीसुद्धा हलतेच की. थेस्सलनीकाकरांच्या त्याच वचनात मेलेल्यांना ‘झोपी गेलेले’ म्हटलंय. इंग्रजांचा ‘सिमेट्री’ शब्दही ग्रीकमधल्या ‘झोपायची जागा’ या अर्थाच्या शब्दातून आलाय. झोपलेला माणूस उठणार, हे त्यात गृहीत.

आणि तुमच्या वडिलांना फार हसू नका. करिंथकरांस पहिल्या पत्रात (अध्याय १५) प्रेषित पौलानं पुनरुत्थान, म्हणजे मेलेल्यांचं उठणं, समजावलंय ते पेरणीवरून : पेरतो तो नुसता दाणा, आणि तो मेल्याशिवाय उगवत नाही. काळ्या रानात मालदांडी पेरणाऱ्याला हे वेगळं काय सांगायचं?

प्रश्नकर्ती
वडिलांना सगळं वाचून दाखवलं. म्हणाले, ‘मग मी काय चुकीचं बोललो?’