दगडी नांगर: शेतातला की समुद्रातला?

रंकाळाकाठ: मंडळी, शाळेच्या अंकासाठी द्वारकेच्या समुद्रातल्या शोधावर लेख लिहितोय. त्यात 'दगडी नांगर सापडले' असं वाक्य आहे. वडिलांनी (कागलला ऊस) वाचलं आणि म्हणाले, "दगडाला फाळ कुठं बसवत्यात रं?" दुसरा शब्द आहे का? आणि 'सागरी पुरातत्त्व' बरोबर की 'जलांतर्गत'?

कोकणी जावई: नांगरच ठेवा. सासरवाडीला, मालवणात, होडी नांगरली म्हणजे थांबली. तुमच्याकडं शेत नांगरलं म्हणजे काम सुरू झालं! शेतातला नांगर संस्कृत 'लांगल'चा, होडीचा फारसी 'लंगर'चा. 'लंगर' लिहाल तर लोक जेवायला बसतील. वडिलांना भोकं दाखवा. द्वारकेच्या बऱ्याच तिकोनी नांगरांना तीन भोकं आहेत: वरच्यात दोर, खालच्या दोहोंत लाकडी खुंटे. खुंटे तळात रुततात, बाकी काम वजनाचं. हा घाट शतकानुशतकं चालला, म्हणून नुसत्या नांगरावरून काळ ठरत नाही. आणि नांगर सापडला म्हणजे नगर सापडलं असंही नाही.

निवृत्त बाई: 'सागरी'त बंदरं, जहाजं, व्यापार सगळं येतं, कोरड्यावरचंसुद्धा. आपल्या कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४०च्या दशकात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती मिळाली, टाउन हॉल म्युझियममध्ये आहे. रोमन जगाशी असलेल्या व्यापाराची खूण, पण पाण्याखालची नव्हे. उलट रंकाळा तलावातला संध्यामठ पाण्यात जातो. तिथं 'जलांतर्गत' चालेल, 'सागरी' कसं म्हणणार? द्वारकेला दोन्ही चालतात. मी तर सरळ 'पाण्याखालचं पुरातत्त्व' लिहीन, मुलांना कळतं.

रंकाळाकाठ: बाई, पुढचं वाक्य बघा: 'पुरातत्त्वज्ञ एस. आर. राव यांच्या मार्गदर्शनाखाली १९८०च्या दशकात पाणबुड्यांनी तळ शोधला.'

निवृत्त बाई: अहो, पोरांना नौदल आल्यासारखं वाटेल! पाणबुडी आणि पाणबुड्या, दोघांचं 'पाणबुड्यांनी' एकच होतं. 'पाणबुडे उतरले' करा, प्रश्न मिटला. आणि पुढं 'खोदकाम' असेल तर तेही बघा. पाण्यात कुदळ चालत नाही. गाळ नळीनं ओढून काढतात.

रंकाळाकाठ: दोन्ही बदललं. वडिलांना भोकांचं चित्र काढून दाखवलं. "म्हणजे होडीची दावण की," म्हणाले. लेखात दावणच घालू का?

कोकणी जावई: कंसात घाला. पण मालवणात वाचून दाखवू नका.