मदत हवी आहे: मालिश शिकवणाऱ्यांच्या संघटनेची निवडणूक आहे, मतदार कोणाला धरायचं?

नमस्कार मंडळी. मी कुडाळची, मसाज शिकवते. स्पा थेरपीचा बेसिक कोर्स आणि बाळ-बाळंतिणीची मालिश असं दोन्ही. कोकणात मालिश शिकवणाऱ्यांची आमची एक संघटना आहे, अलिबागपासून सावंतवाडीपर्यंत मेंबर आहेत. सोसायटी म्हणून रजिस्टर आहे आणि धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्ट म्हणून पण नोंद आहे. आजपर्यंत कार्यकारिणी बिनविरोधच व्हायची, सभेत चहा घेता घेता नावं ठरायची. यावेळी पहिल्यांदाच खरी निवडणूक लागलीय, अकरा जागा आहेत आणि दोन पॅनल उभी राहतायत असं दिसतंय. मी उभी राहणार नाही म्हणून सगळ्यांनी मिळून मलाच निवडणूक अधिकारी केलंय. हे काम मला नीट करायचंय, म्हणून इथे विचारतेय.

आधी थोडं समजावून सांगते, नाहीतर प्रश्न कळणार नाही. आमच्यात शिकवणारे तीन तऱ्हेचे आहेत. एक बीएएमएस किंवा फिजिओथेरपी केलेले. दुसरे हॉटेल-रिसॉर्टसाठी मुलं-मुली तयार करणारे इन्स्टिट्यूटवाले. सिंधुदुर्ग १९९७ ला पर्यटन जिल्हा जाहीर झाला, आता किनाऱ्याला रिसॉर्ट आहेत, त्यांना ट्रेन केलेली माणसं लागतात, त्यामुळे यांचं काम जोरात आहे. आणि तिसऱ्या आमच्या गावागावातल्या न्हाऊमाखू घालणाऱ्या बायका, ज्यांनी कुठला कोर्स केलेला नाही पण सुनांना, भाच्यांना, शेजारच्या मुलींना शिकवून अख्खी पिढी तयार केलीय. मालवण तालुक्यातल्या एक आजी आहेत, त्या शिकायला आलेल्या मुलीला आधी बाळाला हातच लावू देत नाहीत. स्वतःची पोटरी पुढे करतात, दाब म्हणतात, आणि दाब जास्त झाला की काही न बोलता पाय आखडून घेतात. मुलीला तिथल्या तिथे कळतं. तेल आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं, मग बाळाला. खोबरेल कधी, तिळाचं कधी, सांध्याला उंडीचं तेल कधी लावायचं, हे सगळं त्यांच्याकडून मी स्वतः शिकलेय.

उलट बाजू पण सांगते, कारण मला कुणा एका पॅनलची बाजू घ्यायची नाहीये. पोटरी एकाच पायाची सुजलीय, गरम लागतेय, दुखतेय तर चोळायची नाही, आत रक्ताची गुठळी असू शकते, सरळ डॉक्टरकडे पाठवायचं, हे डॉक्टर लोकांनी आणि काही इन्स्टिट्यूटवाल्यांनी शिकवलं म्हणून आमच्याकडे आलं. म्हणजे दोघांचीही गरज आहे. आणि कार्यकारिणीच सिलॅबस ठरवते, परीक्षक नेमते, कुठल्या कोर्सला संघटनेचं शिफारसपत्र द्यायचं ते ठरवते. म्हणून कोण निवडून येतं याला एवढं महत्त्व आहे.

आता अडचण. एका मोठ्या इन्स्टिट्यूटने गेल्या महिन्यात आपल्याकडच्या ट्रेनर लोकांची आणि नुकत्याच पास झालेल्या मुलामुलींची मिळून बरीच नावं मेंबर म्हणून दिली, सगळ्यांची वर्गणी एकाच खात्यातून एका फटक्यात भरली. आमच्या घटनेत, म्हणजे संघटनेच्या नियमावलीत, लिहिलंय की साधारण सभासदाला शिकवण्याचा दोन वर्षांचा अनुभव हवा. पास होऊन दोन महिने झालेल्या मुलीला दोन वर्षांचा अनुभव कुठून येणार? पण फॉर्म आलेत, पैसे जमा आहेत, पावत्या पण फाटल्यात. दुसरीकडे न्हाऊमाखूवाल्या बायकांपैकी निम्म्यांची वर्गणी लॉकडाऊनपासून थकलीय. त्यांच्याकडे कुणी मागायलाच गेलं नाही, आणि ऑनलाइन भरा म्हणून व्हॉट्सॅपला मेसेज टाकला तर त्यातल्या कितीजणींकडे स्मार्टफोन आहे? आता नियम कडक लावला तर बरोबर याच बायका यादीतून जातात आणि नवे येतात. नियम सोडला तर उद्या कुणीही हरकत घेईल.

आणखी तीन गोष्टी. यादी चारशे किलोमीटरच्या वर पसरलीय, सगळ्यांनी एका जागी येऊन मत द्यायचं कसं, ऑनलाइन किंवा प्रॉक्सी, म्हणजे एकाच्या वतीने दुसऱ्याने मत देणं, चालते का? आमचे एक सर दृष्टिहीन आहेत, रत्नागिरीकडे मसाज शिकवतात, त्यांचं मत गुप्त राहील अशी सोय कशी करायची? आणि ज्याच्या स्वतःच्या कोर्सला संघटनेची शिफारस हवीय तो माणूस कार्यकारिणीत शैक्षणिक समितीचा प्रमुख होऊ शकतो का? ज्यांनी संस्थेच्या निवडणुका घेतल्यात त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

प्रतिसाद (चिपळूण): ताई, सोसायटीज रजिस्ट्रेशन ॲक्ट १८६० चं कलम १५ काढून वाचा, तुमच्या अर्ध्या प्रश्नांचं उत्तर तिथे आहे. सभासद कोण, तर संस्थेच्या नियमाप्रमाणे ज्याला प्रवेश दिलाय आणि ज्याने वर्गणी भरलीय किंवा सभासदांच्या यादीवर सही केलीय तो. नुसते पैसे भरले म्हणजे माणूस सभासद होत नाही, नियमाप्रमाणे प्रवेश दिलेला लागतो. या नव्या नावांना कार्यकारिणीच्या सभेत ठराव करून मंजुरी दिलीय का, दोन वर्षांच्या अनुभवाचा काय पुरावा जोडलाय, ते प्रोसिडिंग बुकात, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताच्या वहीत, बघा. ठराव नसेल तर पावती फाडली तरी तो अजून अर्जदारच. आणि थकबाकीचं पण त्याच कलमात आहे: तीन महिन्यांपेक्षा जास्त वर्गणी थकली असेल तर मत नाही. हे तुम्हाला सोडता येणार नाही, आजींसाठी पण नाही. पण थकबाकी भरायची संधी देणं तुमच्या हातात आहे. कट-ऑफ तारीख ठरवा, ती सगळ्यांना एकच ठेवा, आणि प्रत्येकाला लेखी कळवा, हातात पत्र देऊन पोच घ्या किंवा रजिस्टर पोस्टाने पाठवा. व्हॉट्सॅपवर भागवू नका.

प्रतिसाद (पनवेल): निवडणूक घ्यायला सहकार खात्याचं निवडणूक प्राधिकरण असतं ना, त्यांच्याकडे अर्ज करा, ते अधिकारी पाठवतील.

प्रतिसाद (चिपळूण): नाही हो, ते सहकारी संस्थांसाठी, म्हणजे पतपेढी, हौसिंग सोसायटी वगैरे. ही सोसायटी कम ट्रस्ट आहे. इथे तुमची घटना आणि धर्मादाय कार्यालय. नवी कार्यकारिणी आली की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५०, कलम २२ खाली ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदल झाल्याची नोंद करायचा अर्ज, टाकावा लागतो. त्याला सभेची नोटीस, नोटीस पाठवल्याचा पुरावा, हजेरी, ठरावाची नक्कल, नव्या लोकांची संमतीपत्रं असं सगळं लागतं. निवडणुकीत हरलेले लोक तिथेच येऊन हरकत घेतात आणि मग प्रकरण वर्षानुवर्षं चालतं, तोवर बँकेत सह्या बदलत नाहीत. म्हणून कागद आत्तापासून जमवायला लागा.

प्रतिसाद (मालवण): माका विचारशात तर मतदार यादी पयली, उमेदवार मागसून. नावां जाहीर झाल्यावर यादी करूक बसलास तर प्रत्येक नावावर भांडान होतला. आणि थकबाकीचा म्हणशात तर आमच्या वाडीत लावणी चालू आसताना कोण पैशे भरूक येतला? ऑगस्टात ठेवा, लावणी आटापल्यार आणि गणपतीच्या आधी.

मी (कुडाळ): हे लावणीचं माझ्या डोक्यातच होतं, बरं झालं कुणीतरी लिहिलं. ऑडिट सप्टेंबरअखेर व्हायला लागतं, आणि गणपतीत तर कोकणात कुठलीच सभा होत नाही. म्हणजे ऑगस्टमधला एक रविवार. चिपळूणच्या दादांना विचारते, घटनेत प्रॉक्सीबद्दल एक शब्द नाहीये, ऑनलाइनबद्दल पण नाही. मग काय धरायचं?

प्रतिसाद (चिपळूण): घटनेत नाही तर प्रॉक्सी धरू नका, ऑनलाइन पण नको. आत्ता मधेच नियम आणलात तर हरणारा त्याच मुद्द्यावर जाईल. या वेळी प्रत्यक्ष मतदान, मधली जागा घ्या, रत्नागिरी बरी पडेल, सावंतवाडी-कुडाळवाले रेल्वेने येतील. अलिबागकरांना त्रास आहे, गाडी करून एकत्र आणा पण गाडीचा खर्च संघटनेने करावा, कुठल्या पॅनलने नाही. पुढच्या वर्षी घटना दुरुस्त करून जिल्हावार मतदान केंद्रं आणा.

प्रतिसाद (रत्नागिरी): दृष्टिहीन सरांबद्दल लिहितो, मी अशा शाळेत काम करतो. विधानसभा-लोकसभेला ईव्हीएमवर ब्रेल आकडे असतात आणि शिवाय निवडणूक नियमांतल्या नियम ४९-एन खाली मतदार अठरा वर्षांवरचा सोबती नेऊ शकतो. तुमच्याकडे कागदी पत्रिका आहे तर सोपं आहे. पत्रिकेच्या मापाचा जाड पुठ्ठ्याचा साचा करा, प्रत्येक नावासमोरच्या चौकोनावर खिडकी कापा, खिडकीच्या बाजूला ब्रेलमध्ये क्रमांक. पत्रिकेचा उजवा वरचा कोपरा थोडा कापा आणि साच्याचाही तसाच कापा, म्हणजे कागद उलटा बसत नाही. नावांची ब्रेल यादी आदल्या दिवशी सरांना द्या. पण एक काळजी घ्या, कोपरा सगळ्याच पत्रिकांचा कापा, एकट्या त्यांच्या पत्रिकेचा कापलात तर मोजताना त्यांचं मत ओळखू येईल. आणि सगळ्यांना पेन एकाच रंगाचं.

मी (कुडाळ): दादा, हे अगदी कामाचं सांगितलंत. सगळ्यांचा कोपरा कापायचा हे मला सुचलंच नसतं. सरांना फोन केला, ते म्हणाले सोबती नको, साचाच करा. ब्रेल यादी तुमच्या शाळेत करून मिळेल का? खर्च संघटना देईल.

प्रतिसाद (रत्नागिरी): मिळेल. छाननी होऊन नावं पक्की झाली की पाठवा.

प्रतिसाद (ठाणे, मूळ गुहागर): माझी बहीण न्यू जर्सीत मसाज थेरपिस्ट आहे. तिकडे थेरपिस्ट लोकांची राष्ट्रीय संघटना १९४३ पासून आहे आणि मसाज शिकवणाऱ्यांची अलायन्स त्याहून वेगळी. तुमच्याकडे एकच संघटना आहे म्हणून करणारे, शिकवणारे आणि शाळा चालवणारे असे सगळे एका यादीत आलेत, भांडणाचं मूळ तिथे आहे असं मला वाटतं. इन्स्टिट्यूटला संस्था सभासद म्हणून एकच मत द्या, शिकवणाऱ्या माणसाला व्यक्ती म्हणून एक मत, आणि नुकत्या पास झालेल्यांना विद्यार्थी सभासद, मताशिवाय. आणि एका मतदाराने अकराच्या अकरा खुणा करायच्या असतील तर निम्म्याहून थोडी जास्त मतं असलेलं पॅनल सगळ्या जागा नेतं, बाकीच्यांना एकही मिळत नाही. यावर पण विचार करा.

मी (कुडाळ): हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचतोय. कुणीतरी फोनवर सुचवलं की निवडून आलेले लोक नंतर दोन स्वीकृत सदस्य घेऊ शकतात, त्यात आजींना घ्या की. मला ते पटत नाही. स्वीकृत म्हणजे निवडून आलेल्यांच्या मर्जीवर बसायचं, बोललं की पुढच्या वेळी नाव नाही. ज्या बाईने तालुक्याला शिकवलं ती मतं घेऊन निवडून यावी. पण जागा राखीव ठेवायच्या तर घटना दुरुस्त करायला लागेल आणि आत्ता ते शक्य नाही हे कळतंय. निदान त्या मतदार यादीत असाव्यात आणि त्यांच्यातल्या कुणी उभं राहावं एवढं तरी मी बघणार. मी कुणाला उभं राहा म्हणून सांगणार नाही, ते माझं काम नाही. पण अर्ज कसा भरायचा, सूचक-अनुमोदक म्हणजे काय, अंगठा चालतो का हे सांगायला मी गावोगाव जाणार आणि दोन्ही पॅनलच्या माणसांना बरोबर घेऊन जाणार, म्हणजे कुणाला संशय नको.

आत्तापर्यंत ठरवलंय ते असं. थकबाकी भरायची एकच तारीख, प्रत्येकाला पत्र, पोच घेऊन. नव्या अर्जांची कार्यकारिणीने सभा घेऊन एकेक करून तपासणी, अनुभवाचा पुरावा मागायचा, आणि हाच पुरावा न्हाऊमाखूवाल्या बायकांकडूनही मागायचा, फक्त तो कशाच्या रूपात चालेल ते आधीच लिहून ठेवायचं: सर्टिफिकेट, किंवा शिकलेल्या तिघीजणींचं सहीचं पत्र, किंवा आशाताई-एएनएम सिस्टरचं पत्र. दोन्हीकडे सारखं. मग कच्ची यादी, हरकती, पक्की यादी, आणि त्यानंतरच अर्ज वाटायचे.

दोन गोष्टी अजून अडल्यात. शैक्षणिक समितीच्या प्रमुखाचं काय करायचं यावर कुणीच लिहिलेलं नाही.

प्रतिसाद (चिपळूण): त्याला उभं राहायला अडवता येणार नाही, घटनेत तशी बंदी नसेल तर तुम्ही अर्ज बाद करू शकत नाही. पण उमेदवारी अर्जातच एक रकाना घाला: तुमची किंवा घरच्यांची मसाज शिकवणारी संस्था आहे का, असल्यास नाव. दोन्ही पॅनलला सारखाच. आणि जुन्या कार्यकारिणीकडून ठराव करून घ्या की स्वतःच्या कोर्सचा विषय आला की त्या माणसाने सभेतून बाहेर बसायचं आणि तसं प्रोसिडिंगला लिहायचं. याला घटना बदलायला लागू नये, पण एकदा वकिलाला दाखवा.

मी (कुडाळ): रकाना घालते, ठरावाचा मसुदा पण उद्या करते. आणि दुसरी गोष्ट, समसमान मतं पडली तर चिठ्ठी टाकायची असं घटनेत आहे, पण चिठ्ठी कोणी उचलायची ते नाही. सभेला आलेल्या कुणाच्या तरी लहान मुलाकडून उचलायची असं आधीच नोटिशीत लिहिलं तर चालेल ना? कुणाकडे छापील उमेदवारी अर्जाचा मराठी नमुना असेल तर तोही टाका इथे, मोठ्या अक्षरातला असेल तर उत्तम, आमच्या बऱ्याच जणींना चष्मा आहे.