सँट्रो झिंग २०११: इंजिन ऑइल मिनरलच ठेवू की सिंथेटिकवर जाऊ?

वाशिष्ठीकाठ
नमस्कार मंडळी. सँट्रो झिंग, पेट्रोल, २०११ ची, ८६ हजार किमी झालेत. बाबांनी घेतलेली, आता मी चालवते. चिपळुणात रोज घर ते शाळा अडीच किलोमीटर, महिन्यातून एकदा कुंभार्ली घाट चढून कराडला. वर्षाला जेमतेम साडेचार हजार किमी. आजवर इंजिनात मिनरल, म्हणजे साधं खनिज ऑइल, २०डब्ल्यू-५० ग्रेडचं (दाटपणाचा आकडा) घालत आलोय. या पावसाळ्यात ऑइलचं झाकण उघडलं तर आतून सायीसारखा पिवळट, चिकट थर. पुसला, आठवड्यात परत आला. ऑइल मोजायच्या काडीवरचं ऑइल मात्र नेहमीसारखं काळपट. शेजारचे म्हणतात सिंथेटिक (रासायनिक प्रक्रियेने बनवलेलं, महाग) घाल, गॅरेजवाले दादा म्हणतात जुन्या इंजिनाला जाडच बरं. फिल्टर आणि मजुरी धरून पंधराशेच्या वर जमणार नाही.

टर्बोवाला_पुणे
डोळे झाकून फुल सिंथेटिक. माझ्या टर्बो पेट्रोलमध्ये पहिल्या सर्व्हिसपासून तेच आहे. बिल चार हजारांच्या घरात जातं, पण इंजिन लोण्यासारखं चालतं. इंजिनाच्या बाबतीत पैशाकडे बघू नका.

अण्णा_सातारकर
ताई, मी १९८४ पासून गाड्या चालवतोय. पद्मिनीत आयुष्यभर २०डब्ल्यू-४० घातलं, इंजिन उघडायची वेळ आली नाही. सिंथेटिक पातळ असतं, इंजिनाच्या जुन्या रबरी सीलमधून झिरपतं. मेहुण्याने ऐकलं नाही, महिन्याभरात पार्किंगमध्ये ताटाएवढा डाग.

यंत्रवेडा
अण्णा, सिंथेटिक म्हणजे पातळ असं नसतं. जाड-पातळ ग्रेडवर ठरतं. ५डब्ल्यू-४० सिंथेटिक आणि २०डब्ल्यू-४० मिनरल, इंजिन तापून ऑइल १०० अंशांना गेलं की दोघांचा दाटपणा एकाच पट्ट्यात येतो. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या स्टार्टचा, नंतरचा तापलेल्या ऑइलचा, आणि चिपळुणात थंडी ती काय पडते! सिंथेटिकचा खरा फायदा म्हणजे उष्णतेत जास्त दिवस टिकतं, गाळ कमी धरतं. टर्बोत त्याला पर्याय नाही, पण सँट्रोला टर्बो नाही. मेहुण्यांच्या गाडीचे सील आधीच कडक झाले असणार. साचलेला गाळ सुटला की दबलेली गळती उघडी पडते.

अण्णा_सातारकर
सील वर्षापूर्वीच बदलले होते. पावती आहे घरी.

गोदाकाठ७२
मीपण सिंथेटिकच सांगेन. पण त्याहून महत्त्वाचं, ऑइल कुठून घेता ते बघा. हायवेच्या एका दुकानात तीनशे रुपये स्वस्त मिळालं म्हणून घेतलं. दोन हजार किलोमीटरमध्ये टॅपेट (इंजिनाच्या झडपा हलवणारे भाग) वाजायला लागले. सोडलं तर पाण्यासारखं, वासही निराळा. जुन्या डब्यात भरलेला माल होता. तेव्हापासून डबा समोर फोडायला लावतो आणि रिकामा झाला की झाकणाला खिळ्याने भोक पाडून मगच टाकतो.

घाटवाट
मध्येच विचारतो, कारचं उरलेलं सिंथेटिक बुलेटला घातलं तर चालेल का? पाऊण लिटर पडून आहे.

यंत्रवेडा
नको. बाइकचा क्लच त्याच ऑइलमध्ये भिजलेला असतो, कारच्या ऑइलने तो घसरू शकतो. बाइकला डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (बाइकच्या ऑइलचा दर्जा) लिहिलेलंच घ्या.

घाटवाट
माझ्या मित्राने घातलंय, त्याला काही झालं नाही.

पेठमापकर
ताई, मी चिपळूणचाच. २०२१ च्या जुलैच्या पुरात माझी गाडी स्टिअरिंगपर्यंत बुडाली होती. काडी ओढली तर दुधाच्या चहासारखं, पाणी शिरलेलं ऑइल. तुमच्या काडीवरचं ऑइल नेहमीसारखं आहे म्हणता, मग घाबरू नका. तरी गाडी पूर्ण गार असताना रेडिएटरचं पाणी बघा. ते कमी होत असेल तर हेड गॅस्केट (पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारं इंजिनातलं पॅकिंग) तपासून घ्या. होत नसेल तर तो थर म्हणजे नुसती वाफ. अडीच किलोमीटरमध्ये इंजिन तापतच नाही, आतला ओलावा उडून जात नाही, झाकण सगळ्यात गार म्हणून तिथेच जमतो. सिंथेटिक घातलं तरी थर येणारच. माझ्या आईच्या गाडीला दर पावसाळ्यात येतो.

टर्बोवाला_पुणे
फुल सिंथेटिकमध्ये असा थर कधी दिसला नाही.

पेठमापकर
दादा, तुमचं रोजचं रनिंग किती?

टर्बोवाला_पुणे
हिंजवडी, जाऊन-येऊन ५२ किमी.

गोदाकाठ७२
एकदा फ्लशिंग (औषध घालून इंजिन आतून धुणं) करून घ्या, सगळा गाळ निघेल.

यंत्रवेडा
जुन्या इंजिनाला फ्लशिंग अजिबात नको. सुटलेला गाळ ऑइल पंपाच्या जाळीत अडकला तर प्रेशर जाईल. मधला मार्ग म्हणून १०डब्ल्यू-४० सेमी-सिंथेटिक (दोन्हींचं मिश्रण) घ्या, वर्षातून एकदा बदला, किलोमीटर कितीही झालेले असोत. डब्यावर एपीआय एसएन (ऑइलच्या दर्जाची खूण) किंवा त्यापुढचं बघा. आणि मिनरल-सिंथेटिक एकत्र आलं तर इंजिन बसतं ही भीती सोडा, दोन्ही एकमेकांत मिसळतात.

अण्णा_सातारकर
मिसळू नये. माझा अनुभव आहे.

वाशिष्ठीकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. पाच दिवस सकाळी गाडी गार असताना रेडिएटर बघितला, पाणी तसूभरही कमी नाही. जीव भांड्यात पडला. गाडीचं पुस्तक बाबांच्या कपाटातून काढलं. त्यात तापमानाचा तक्ता आहे, त्यात १५डब्ल्यू-४० सुद्धा बसतं. तेच मिनरल घेतलं, पण आता वर्षाऐवजी दर सहा महिन्यांनी बदलणार. ओलावा साठतोय तर महागडं ऑइल वर्षभर ठेवण्यापेक्षा साधं ऑइल लवकर काढून टाकणं मला पटतं. फिल्टर आणि मजुरीसकट १,२८० रुपये झाले.

यंत्रवेडा
वर्षाचे दोन वेळचे मिळून सिंथेटिकएवढेच जातील की!

वाशिष्ठीकाठ
जातील, पण एकदम द्यावे लागणार नाहीत. गॅरेजवाल्या दादांनी डबा माझ्यासमोर फोडला, ऑइल सोडायच्या ड्रेन बोल्टला नवा वॉशर टाकला. शिवाय इंजिन नीट तापावं म्हणून आता दर रविवारी परशुराम घाटातून लोट्यापर्यंत गाडी पळवून आणते. परवा आल्यावर झाकण उघडलं, थर निम्म्याहून कमी होता.

पेठमापकर
दिवाळीनंतर पाऊस पूर्ण थांबला की पुन्हा बघा आणि इथे सांगा.